दारामागची गादी

४ सप्टेंबर, गुरुवार

आज रिटर्न भरला. म्हणजे टॅक्सवाल्या बाईंनी भरला, मी नुसती फोनवर "हो, हो" करत होते. कॉल सेंटर सोडून घरून काम सुरू केलं त्याला वर्ष झालं, त्याचा हा पहिला हिशेब. आतापर्यंत पगारातून परस्पर कापून जायचं, मला डोकं चालवायची गरजच नव्हती. आता मी म्हणे व्यावसायिक! लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" असं जी बाई सांगते ना, ती मी.

बाई एकेक विचारत होत्या. माइक? हो. हेडफोन? हो. भिंतींचा फोम, खुर्ची, कॉम्प्युटर? हो, हो, हो. "आणि हे गादीचं बिल कसलं आहे, ताई?" मी सांगितलं, ती दारामागच्या भिंतीला उभी लावलेली असते, तिच्याशिवाय खोली घुमते. हे काही खोटं नाही. फोम लावूनही माझा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. ही जाडजूड गादी आणून उभी केली तेव्हा कुठे तो माणसाचा वाटायला लागला. "मग ध्वनिशोषक गादी असं लिहिते," बाई म्हणाल्या. वा! काय भारदस्त नाव मिळालं बिचारीला.

मग त्यांनी विचारलं, "खोली फक्त कामासाठीच वापरता ना? तसं असेल तर पूर्ण खोलीची वजावट मिळते. भाड्याचा हिस्सा, विजेचा हिस्सा, सगळं." मी म्हटलं, "हो, फक्त कामासाठी. तिथे कुणी राहत नाही."

बाबा समोरच मटार सोलत बसले होते. माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आपली भाड्याची जागा सोडून ते आमच्याकडे आले, तेव्हापासून त्याच खोलीत झोपतात, तीच गादी आडवी टाकून. सकाळी मी उठायच्या आत ती पुन्हा भिंतीला उभी. दिवसभर खोली माझीच असते, म्हणजे मी काही अगदीच थापा मारल्या नाहीत. शिवाय बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, टीव्ही केवढ्यानं लावतात. मटाराची एक शेंग हातात धरून बराच वेळ बसले होते. मी विचारलं, "किडकी आहे का, बाबा?" तर म्हणाले, "नाही गं, चांगली आहे."

९ सप्टेंबर, मंगळवार

इस्पितळाचं काम परत आलं. "कृपया फोन चालू ठेवा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" या वाक्यात "महत्त्वाचा"वर नेमका बाबांचा खोकला. पलीकडच्या माणसानं लिहून पाठवलं की आमच्याकडे आधीच पुष्कळ खोकणारे आहेत. मला हसू यायला हवं होतं, पण डोकंच फिरलं. "बाबा, जरा लांब जाऊन खोका ना!" असं ओरडले मी. मग तासभर मनाला लागून राहिलं.

पण बरंही झालं म्हणायचं. दुपारी माझं रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर बाबा आपणहून खाली लाँड्रीत जाऊन बसले. लाँड्रीवाल्याशी दोस्ती जमलेली दिसते. या वयात माणसाला सोबत लागतेच.

२२ सप्टेंबर, सोमवार

टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. माझ्या घरातल्या कार्यालयाची "प्रत्यक्ष पाहणी" करायला अधिकारी येणार, ९ ऑक्टोबरला सकाळी. सगळ्या वस्तू जागेवर दाखवायच्या.

मीच का? एवढ्या मोठमोठ्या कंपन्या पडल्यात, त्यांना सोडून एका लिफ्टवालीच्या मागे हे हात धुवून लागलेत! कुणी चुगली केली असेल का? तळमजल्यावरची ती शिक्षिका माझ्याकडे नेहमी वाकडं बघते. नवरोबा पाव पोचवून व्हॅन लावून घरी आले, पत्र वाचलं आणि म्हणाले, "बघू." हा माणूस भूकंप झाला तरी "बघू" म्हणेल.

बाबांनी विचारलं, "काय गं, कुणाचं पत्र?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं." उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला!

२४ सप्टेंबर, बुधवार

टॅक्सवाल्या बाईंशी बोलले. त्यांना पहिल्यांदाच खरं सांगितलं की रात्री तिथे सासरे झोपतात. त्या म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं."

विचारलं होतं, मान्य आहे! पण तुम्ही घाईघाईत विचारलंत की माणूस घाईघाईत हो म्हणतो.

त्यांचं म्हणणं असं की खोलीत कुणी झोपत असेल तर ती कामाची खोली राहत नाही. वजावट जाणार, आलेला परतावा व्याजासकट परत करायचा, आणि खोटं सांगितलं असं ठरलं तर दंड वेगळा. परतावा आहे कुठे आता? व्हॅनचं इंजिन त्यातच तर झालं. दंड बसला तर माइक विकून मला परत त्या कॉल सेंटरच्या खुर्चीत जाऊन बसावं लागेल, दिवसभर परक्या माणसांच्या शिव्या खात. तिथून सुटले तेव्हा मी रिक्षात बसून मोठ्यानं रडले होते, आनंदानं.

शेवटी त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "मी काही तुम्हाला सुचवत नाहीये. पण ते लोक खोलीत माणसाच्या वापराच्या वस्तू बघतात. कपडे, औषधं, वाससुद्धा." फोन स्पीकरवर होता, कारण मी एकीकडे भांडी पुसत होते. बाबा बाल्कनीत होते, त्यांच्यापर्यंत कशाला जातंय ऐकू?

२८ सप्टेंबर, रविवार

खोलीला बाबांच्या मलमाचा वास येतो. इतके दिवस जाणवला नव्हता, आता दारात पाऊल टाकलं की तोच. गुडघ्यांना चोळतात ते. मी सुगंधी फवारा आणून मारला तर दोन्ही वास मिसळून खोली दवाखान्याच्या बागेसारखी झाली. खिडकी उघडी ठेवली. बाबा दारात उभं राहून बघत होते. "पाल मेली का गं कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो बाबा, तसंच काहीतरी."

नवरोबांनी अखेर तोंड उघडलं. बाबांना दोन दिवस ताईकडे पाठवू म्हणाले, म्हणजे माझ्या नणंदेकडे. मी फोन केला. वन्सं म्हणाल्या, "दोन दिवस चालेल गं, पण दोनच हं. आमच्याकडे जागा कुठे आहे?" मला राग आला. सख्खी मुलगी आणि हे बोलणं! बापाला जागा नाही म्हणजे काय!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

एक चांगलं झालं. बाबा आठवडाभर बाहेरच्या सोफ्यावरच झोपतायत. म्हणतात, गादीपेक्षा तिथे पाठीला बरं वाटतं. तो सोफा केवढासा, पाय त्याच्या कडेवरून बाहेर येतात, पण त्यांनाच आवडतंय तर मी कशाला बोलू?

आणि पसाराही आपोआप कमी होतोय. खुर्चीच्या पाठीवर कायम पडलेला पंचा आता दिसत नाही. खिडकीतली मलमाची डबी, चष्म्याचं घर, छोटा रेडिओ, सगळं गायब. आज पाहिलं तर दाढीचा आरसाही नाही, आणि ज्या खिळ्याला तो टांगलेला असायचा तो खिळासुद्धा उपटलेला. भोक इतकं सफाईनं बुजवलंय की हात फिरवून शोधावं लागलं. जन्मभर घरं रंगवली बाबांनी, रंगाऱ्याचा हात तो. मी म्हटलं, "अरे वा, बाबा, आवराआवर काढलीत!" ते हसले. माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाबांना आज सांगून टाकलं. खरं नाही सांगितलं, एवढं धाडस कुठून आणू? म्हटलं, "बाबा, गुरुवारी खोलीला रंग द्यायचाय. दोन दिवस वन्संकडे जाऊन राहाल का? रंगाच्या वासाचा तुम्हाला त्रास नको."

"हो, हो," ते लगेच म्हणाले. "मला नाही सहन होत रंगाचा वास."

आता बघा! ज्या माणसाचं उभं आयुष्य रंगाच्या डब्यात ब्रश बुडवण्यात गेलं, त्याला वास सहन होत नाही! वय झालं की माणूस बदलतो हेच खरं. मी तर उलटसुलट प्रश्नांची तयारी करून गेले होते, कुठला रंग, कोण देणार, मी असताना बाहेरचा माणूस कशाला. एक प्रश्न नाही विचारला त्यांनी. "मला सोडायला कुणी येऊ नका, माझा मी जाईन," एवढंच म्हणाले.

सुटले एकदाची. पण काहीतरी विसरतेय असं सारखं वाटतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी

बाबा गेले. मी अधिकाऱ्यासाठी बिस्किटं आणायला खाली गेले होते तेवढ्यात निघालेही, निरोप न घेता. नवरोबा व्हॅनवर. दारातून खोलीत डोकावून आले, लख्ख आहे सगळं. आज खोली किती मोकळी वाटतेय! बेल वाजली.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

साहेब पन्नाशीपुढचे, सडपातळ, जिना चढून दमलेले. पाणी घेतलं, बिस्किटांना हात लावला नाही. तिथेच माझं निम्मं अवसान गळालं. खिशातून टेप काढून खोली मोजली. माइक बघितला, त्यावर टिक. हेडफोन, टिक. खुर्ची, टिक. मग म्हणाले, "काम कसं करता ते दाखवा बघू. काहीतरी बोला."

मी माइकसमोर बसले, घसा साफ केला आणि म्हटलं, "दरवाजा बंद होत आहे."

खोली घुमली. रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलावं तशी. माझाच आवाज भिंतींवर आपटून माझ्या अंगावर आला. मला काही कळेना, मी वेड्यासारखी पुन्हा तेच बोलले. पुन्हा तेच.

साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "ध्वनिशोषक गादी, एक नग. कुठे आहे?"

"दारामागे," मी म्हटलं आणि दार पुढे ओढलं.

दारामागे नुसती भिंत. कर्म माझं! जी वस्तू दाखवायची तीच नाही! आणि त्या क्षणी मला काय वाटलं तेही लिहिते, लपवत नाही. बाबांचा राग आला मला. अस्सा राग आला! गादी तेच उचलत, तेच ठेवत, आता कुठे नेऊन टाकली? वन्संकडे घेऊन गेले की काय बसमध्ये?

"खाली असेल," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "लाँड्रीत. धुवायला."

"गादी?" साहेब म्हणाले. "चला, मीही येतो."

जिन्यात देवाला म्हटलं, लाँड्रीत काहीही असू दे, एक गादी असू दे.

गादी होती. गुंडाळून, दोरीनं बांधून लाँड्रीच्या दाराशी ठेवलेली. आणि तिच्यावर बाबा बसले होते. मांडीवर त्यांची पिशवी, पिशवीतून रेडिओची कांडी वर आलेली. मला बघून उठले. मग माझ्यामागे साहेब दिसले, त्यांच्या हातातला कागद दिसला, आणि मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात जोडले.

"नमस्कार साहेब. मी रंगारी. या बाईंच्या खोलीला रंग द्यायचाय ना, गादी खराब होऊ नये म्हणून खाली आणली."

या बाईंच्या. माझ्या सासऱ्यांनी मला बाई म्हटलं, परक्यासारखं, नजर खाली घालून. लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

साहेबांनी विचारलं, "रंगाचे डबे कुठे आहेत?"

"येतायत मागून," बाबा म्हणाले. खोटं बोलायची सवयच नाही त्यांना, कान लाल झाले होते.

मी गप्प बसले असते तर कदाचित निभावलंही असतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण क्षणभर मी गप्पच होते. दंड, माइक, ती कॉल सेंटरची खुर्ची, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग माझी नजर बाबांच्या पायांकडे गेली. सणासमारंभाला घालायचे बूट घातले होते त्यांनी. दोन दिवसांसाठी लेकीकडे जाताना कुणी ठेवणीतले बूटसुद्धा सोबत नेतं का?

"हे माझे सासरे आहेत," मी म्हटलं. "या गादीवर हेच झोपतात. त्या खोलीत. दिवसा मी काम करते आणि रात्री ते झोपतात. रिटर्नमध्ये मी चुकीचं सांगितलंय."

बाबा म्हणाले, "अगं, काय बोलतेस!" आणि साहेबांना म्हणाले, "नाही हो साहेब, हिला काही कळत नाही. मी इथेच राहतो. विचारा यांना." त्यांनी लाँड्रीवाल्याकडे हात केला. लाँड्रीवाला बिचारा इस्त्रीकडे बघायला लागला.

साहेबांनी एकदा बाबांकडे, एकदा गादीकडे बघितलं. मग म्हणाले, "गादी वर न्या आधी. ती बसवल्यावर आवाज कसा येतो ते मला बघायचंय." मी एक टोक धरलं, दुसरं बाबांनी धरलं, पण पहिल्याच वळणावर त्यांना खोकल्याची उबळ आली. साहेबांनी बगलेत कागद मारले आणि त्यांच्या हातातलं टोक आपल्या हातात घेतलं. असे आम्ही वर आलो, पुढे मी, मागे सरकार.

गादी उभी केली. मी "दरवाजा बंद होत आहे" म्हटलं. या वेळी आवाज नीट आला, फक्त कापत होता. साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. खोलीची वजावट रद्द. गादी घरगुती वापराची, ती यादीतून बाद. माइक, फोम, खुर्ची, कॉम्प्युटर कायम. जास्तीचा परतावा व्याजासह भरायचा. "दंडाचं वरिष्ठ ठरवतील," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःहून सांगितलंत असं मी लिहिलंय."

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं, "वन्संकडे का नाही गेलात?"

"तिच्याकडे दोन दिवस जागा आहे गं. पुढे काय?" ते म्हणाले. "लाँड्रीवाल्याची मागे एक खोली आहे, कपड्यांच्या गाठोड्यांची. तिथे राहीन म्हटलं कायमचा. वर जेवायला आलो असतो. म्हणजे तू जे सांगितलंस ते खरं झालं असतं."

"आणि गादी कशाला नेलीत?"

"तिला माझ्या मलमाचा वास आहे. त्या बाई म्हणाल्या होत्या ना फोनवर, वाससुद्धा बघतात म्हणून."

मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे रडले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

निकाल आला. दंड आहे, पण जीवघेणा नाही, हप्त्यांनी फिटेल. माइक राहिला. नवरोबा "बघू" म्हणाले नाहीत, व्हॅनची एक फेरी वाढवून घेतो म्हणाले. लाँड्रीतला प्रकार कळल्यापासून ते वडिलांशेजारी जास्त वेळ बसतात.

मला हलकं वाटायला हवं. नाही वाटत. बाबा रात्री पुन्हा खोलीत झोपायला लागले, मी हट्टच धरला, पण आत जाण्याआधी ते दारावर टकटक करतात. "येऊ का?" विचारतात. खोली रिकामी असली तरी विचारतात. मी सांगून पाहिलं, हात जोडून सांगितलं, नवऱ्याकडून सांगवलं. "हो, हो," म्हणतात आणि रात्री पुन्हा टकटक. पिशवी अजून सोडलेली नाही त्यांनी. मलम बाल्कनीत जाऊन चोळतात.

आज या वहीची मागची पानं वाचली. मटार, सोफा, खिळा, रंगाचा वास. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. आणि पाहुणी असल्यासारखी वाचत होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

बाबा न्हाणीत असताना त्यांच्या पिशवीतून दाढीचा आरसा काढला. म्हटलं, बोलून होत नाही तर करून टाकू. हातोडी आणि खिळा घेऊन खोलीत गेले. भोक कुठे बुजवलंय ते सापडेना, मग अंदाजानं ठोकायला सुरुवात केली. पहिल्या घावात खिळा वाकला. दुसऱ्या घावात बोट सापडलं. तिसऱ्या घावात वाटीएवढा गिलावा निघून खाली पडला.

बाहेर न्हाणीची कडी वाजली. मग पावलं, भराभर, गुडघेदुखीच्या माणसाची वाटणार नाहीत अशी. दार भिंतीवर आपटलं आणि बाबा थेट आत आले, खांद्यावर पंचा, कानाला साबण.

"अगं, भिंतीचं वाटोळं करशील!" ते माझ्यावर ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडले. "हातोडी अशी धरतात का? दे इकडे. आणि हो बाजूला!"

मी हातोडी दिली आणि बाजूला झाले.